न दिसलेला नट : क्लॉड रेन्स

चित्रपटाच्या जाहिरातीवर ज्यांची नावे मोठ्या अक्षरांत झळकतात, ते नायक-नायिका प्रेक्षकाला चित्रगृहापर्यंत आणून सोडतात. परंतु एकदा दिवे मालवले की पडद्यावरील जगावर त्याचा विश्वास बसविण्याचे काम बव्हंशी दुसऱ्याच नटांकडे असते. नायिकेचा बाप, गावचा डॉक्टर, लाच खाणारा अधिकारी, कपटी मित्र, हळव्या मनाचा खलपुरुष ही माणसे खरी वाटली तरच नायकाचे शौर्य आणि नायिकेचे दुःख खरे वाटते. अशा भूमिका आयुष्यभर करणाऱ्या नटाला आपल्याकडे चरित्रनट म्हणतात. हॉलिवुडच्या बोलपटांचा जो वैभवकाळ मानला जातो, म्हणजे स्थूलमानाने १९३० ते १९५० ही वीस वर्षे, तो नायक-नायिकांइतकाच या चरित्रनटांचाही काळ होता. त्यांच्यापैकी एकाची कहाणी मोठी उद्बोधक आहे. त्याचे नाव क्लॉड रेन्स. हॉलिवुडमधील ज्या पहिल्या भूमिकेने त्याला कीर्ती मिळवून दिली, त्या भूमिकेत त्याचा चेहरा प्रेक्षकांना जवळजवळ दिसलाच नाही.

रेन्सचा जन्म १० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. बाप नट होता, पण घरी दारिद्र्य होते. मुलाची भाषा लंडनच्या गरीब वस्तीतली, कॉकनी वळणाची. त्यात भर म्हणून त्याला ‘र’ हे अक्षर धड उच्चारता येत नसे. ‘र’च्या जागी ‘व’ येई. ज्याच्या आडनावाचे पहिलेच अक्षर ‘र’ आहे, त्या मुलाला आपले नावही नीट सांगता येऊ नये, यासारखी थट्टा दुसरी नाही. नट होण्याची आशा अशा मुलाने करावी, हे त्या वेळी कोणालाही हास्यास्पदच वाटले असते.

तरी दहा-अकरा वर्षांच्या वयात त्याचा रंगभूमीशी संबंध आला आणि पुढे लंडनच्या ‘हिज मॅजेस्टीज’ या विख्यात नाट्यगृहात तो कामाला लागला. प्रवेशाची वेळ झाली की नटांच्या खोल्यांची दारे ठोठावून त्यांना वर्दी द्यायची, हे त्याचे काम. तेथून तो विंगेत उभा राहून संवादाची आठवण देणारा प्रॉम्प्टर झाला आणि मग रंगव्यवस्थापक. प्रॉम्प्टरची जागा ही नाट्यशिक्षणाची उत्तम शाळा होय. त्याला सगळ्यांचीच भाषणे पाठ असावी लागतात आणि कोणता नट वाक्यात कोठे थांबतो, कोठे श्वास घेतो, हे रोज रात्री कान देऊन ऐकावे लागते. मात्र प्रेक्षकांच्या दृष्टीने तो तेथे नसतोच. ही न दिसण्याची उमेदवारी रेन्सने अनेक वर्षे केली.

या नाट्यगृहाचे चालक सर हर्बर्ट बीरबोम ट्री हे त्या काळातील अग्रगण्य नट होते. पोराची हुशारी आणि त्याचा वाणीदोष या दोन्ही गोष्टी त्यांनी हेरल्या. शुद्धोच्चाराची पुस्तके आणि शिकवणी यांचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. रेन्सने आपली वाणी अक्षरशः पायापासून नव्याने बांधली. पुढे जगाने ज्या आवाजाचे कौतुक केले, तो मऊ, किंचित खर्जातला, प्रत्येक व्यंजनाला न्याय देणारा आवाज त्याला जन्मतः लाभलेला नव्हता. तो त्याने मिळविला होता. ट्री यांनी १९०४ साली लंडनमध्ये एक नाट्यविद्यालय स्थापन केले होते. १९२० नंतरच्या दशकात हाच रेन्स तेथे शिक्षक झाला. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे पुढे जगद्विख्यात झालेले नट त्याचे विद्यार्थी होत. ज्याला ‘र’ म्हणता येत नव्हता, त्याने इंग्रजी रंगभूमीच्या पुढच्या पिढीला बोलायला शिकविले.

दरम्यान पहिले महायुद्ध येऊन गेले होते. रेन्स ‘लंडन स्कॉटिश’ या पलटणीत साधा शिपाई म्हणून दाखल झाला. बॅझिल रॅथबोन, रोनाल्ड कोलमन आणि हर्बर्ट मार्शल हे पुढे हॉलिवुडमध्ये गाजलेले नटही याच पलटणीतले. मार्शलचा एक पाय युद्धात गेला आणि लाकडी पायानिशी त्याने पुढे नायकाच्या भूमिका केल्या. फ्रान्समधील विमी येथे रेन्स विषारी वायूच्या हल्ल्यात सापडला आणि त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली. युद्ध संपले तेव्हा तो कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला होता. पण उरलेले सारे आयुष्य त्याला एकाच डोळ्यावर काढावे लागले. त्याने या गोष्टीचा बोभाटा केला नाही. त्याचे चित्रपट पाहणाऱ्या लक्षावधी प्रेक्षकांना ती कधी जाणवलीही नाही.

१९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या ‘थिएटर गिल्ड’ या संस्थेच्या नाटकांतून काम करू लागला. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ या कादंबरीवरून १९३२ साली जे नाटक झाले, त्यातील चिनी शेतकऱ्याची प्रमुख भूमिका त्याची होती. याच सुमारास हॉलिवुडच्या लोकांनी त्याची एक चाचणी चित्रित केली. रंगभूमीवरचा अभिनय कॅमेऱ्यापुढे तसाच्या तसा केल्यामुळे ती चाचणी साफ फसली. परंतु ती दाखविली जात असताना दिग्दर्शक जेम्स व्हेल याच्या कानावर शेजारच्या खोलीतून तो आवाज पडला आणि आपल्याला हवा असलेला माणूस हाच, असे त्याने ठरविले, अशी हकीकत सांगतात. व्हेल त्या वेळी एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीवर बोलपट काढण्याच्या तयारीत होता. नायक अदृश्य असल्यामुळे त्याला चेहऱ्याची गरज नव्हती, आवाजाची होती.

१९३३ साली हा चित्रपट निघाला, तेव्हा रेन्स चव्वेचाळीस वर्षांचा होता. तोवर एका जुन्या मूकपटाखेरीज त्याच्या नावावर चित्रपट नव्हता. कथेतील ग्रिफिन हा रसायनशास्त्रज्ञ एका औषधाने अदृश्य होतो आणि त्याच औषधाच्या परिणामाने त्याचे डोके फिरते. डोक्याला बँडेज गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा चढविलेला एक माणूस बर्फाच्या वादळातून खेड्यातील खाणावळीत येतो, येथे कथेला आरंभ होतो. तो बँडेज सोडतो, तेव्हा आत काहीच नसते. हा चमत्कार जॉन फुल्टन या तंत्रज्ञाचा. नटाच्या अंगावर कपड्यांखाली नखशिखान्त काळ्या मखमलीचा पोशाख चढवीत आणि काळ्या मखमलीच्याच पडद्यापुढे त्याचे चित्रण करीत. काळ्यावर काळे दिसत नाही. म्हणून फिल्मवर उमटत ते फक्त चालते-फिरते कपडे. मग ती फिल्म खोलीच्या निराळ्या चित्रणाशी जुळवून एकच चित्र बनवीत.

परंतु या युक्तीने माणूस नाहीसा करता येतो. माणूस उभा करता येत नाही. रिकाम्या सदऱ्याच्या आत एक अहंकारी, भ्रमिष्ट आणि तरीही दयेस पात्र असा जीव आहे, ही प्रतीती आणून दिली ती रेन्सच्या वाणीने. ती कधी कुजबुजते, कधी खदखदून हसते, कधी प्रेयसीशी बोलताना एकाएकी ओलावते, आणि दुसऱ्याच क्षणी सर्व जगाला धाक घालते. चित्रपटाच्या अगदी शेवटी, मृत्यूनंतर, औषधाचा अंमल ओसरतो आणि उशीवर हळूहळू एक चेहरा उमटतो. तेवढे काही क्षण रेन्स प्रेक्षकांना दिसला. मूकपट संपून बोलपट सुरू झाले, तेव्हा ज्यांचे चेहरे जगप्रसिद्ध होते अशा कित्येक नटांना आवाजाने दगा दिला. येथे उलट, चेहरा न दाखविता केवळ आवाजाच्या बळावर एक नट नावारूपाला आला.

या यशानंतर तो नायक होऊ शकला असता काय? वय चाळिशी उलटलेले, उंची बेताची, चेहरा देखणा परंतु प्रौढ. हॉलिवुडच्या हिशेबात हे गुण नायकाचे नव्हते. १९३५ साली तो ‘वॉर्नर ब्रदर्स’ या कंपनीच्या करारात बांधला गेला. त्या काळी मोठ्या चित्रसंस्था एखाद्या नाटक मंडळीप्रमाणे चालत. नट कंपनीचे पगारी नोकर असत, भूमिका कंपनी ठरवी, आणि गरज पडल्यास ती आपला नट दुसऱ्या कंपनीला उसना देई. या पद्धतीत नटाला स्वातंत्र्य फार थोडे होते आणि तिच्याविरुद्ध अनेकांनी बंडेही केली. परंतु चरित्रनटाला तिचा एक लाभ होई. त्याला वर्षात तीन-चार भूमिका सहज मिळत आणि त्या एकमेकींपासून सर्वस्वी भिन्न असत. एका १९३८ या सालात रेन्स ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हुड’मध्ये कारस्थानी राजपुत्र जॉन होता, आणि ‘फोर डॉटर्स’मध्ये चार मुलींचा प्रेमळ संगीतज्ञ बाप होता. एवढ्या पल्ल्याच्या भूमिका नायकाच्या वाट्याला येत नाहीत. नायकाला आपली प्रतिमा सांभाळावी लागते. चरित्रनटाला सांभाळण्यासारखी प्रतिमाच नसते.

तथापि रेन्सच्या उत्तम भूमिका एका ओळीत मांडल्या, तर त्यांत एक समान सूत्र सापडते. योग्य काय ते ज्याला कळते, पण तसे वागण्याचे बळ ज्याच्यात नाही, असा माणूस त्याने पुनःपुन्हा रंगविला. फ्रँक कॅप्रा याच्या १९३९ सालच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’ या चित्रपटातील सेनेटर जोसेफ पेन घ्या. हा पिकल्या केसांचा, लोकांच्या आदरास पात्र झालेला राजकारणी एका धनाढ्य राजकीय सूत्रधाराच्या पूर्णपणे मुठीत गेलेला आहे. तारुण्यात ज्या ध्येयवादी मित्राबरोबर तो अन्यायाविरुद्ध लढला, त्याच मित्राचा मुलगा, जेम्स स्ट्युअर्टने रंगविलेला भोळा स्मिथ, सेनेटमध्ये येतो. आगगाडीच्या प्रवासात हा मुलगा आपल्या मृत बापाच्या आठवणी सांगू लागतो, तेव्हा पेन फारसे काही बोलत नाही. पण आपण कोण होतो आणि कोण झालो, हे त्याला त्या घटकेला कळते, आणि प्रेक्षकालाही कळते. या एका शांत प्रसंगाच्या आधारावर शेवटचा स्फोट उभा आहे. स्मिथ तासन्‌तास भाषण करून कोसळतो आणि मग पेन आपला अपराध भर सभेत ओरडून कबूल करतो. ती कबुली नाटकी वाटत नाही, कारण ती त्याच्या घशाशी येऊन थांबलेली आहे, हे रेन्सने आधीपासून दाखवीत आणलेले असते.

‘कॅसाब्लांका’ या १९४२ सालच्या चित्रपटात हेच सूत्र विनोदाच्या अंगाने येते. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तंत्राने चालणाऱ्या फ्रेंच सरकारचा मोरोक्कोतील पोलिस-अधिकारी कॅप्टन रेनो हा लाच खातो, निर्वासितांच्या असहायतेचा गैरफायदा घेतो, आणि वारा फिरेल तशी पाठ फिरवतो. जर्मनांच्या हुकमावरून रिकचा कॅफे बंद करण्यास त्याला काहीतरी निमित्त हवे असते. येथे जुगार चालतो म्हणून तो धक्का बसल्याचा आव आणतो, आणि त्याच क्षणी कॅफेचा नोकर त्याने जुगारात जिंकलेले पैसे त्याच्या हाती आणून देतो. पैसे घेताना त्याने मानलेले आभार इतके सहज आहेत, की ढोंगीपणाची सारी मीमांसा त्या दोन क्षणांत आटोपते. हाच रेनो शेवटी, जर्मन मेजरला गोळी घालणारा रिक डोळ्यांसमोर उभा असताना, शिपायांना दुसरीकडे शोध घेण्यास पिटाळतो. भ्रष्ट माणसातही सज्जनपणा शिल्लक असू शकतो, हे सांगण्यासाठी त्याला एकही उपदेशाचे वाक्य लागत नाही. या चित्रपटात पीटर लॉरी, कॉनराड फाइट, एस. झेड. साकल असे नाझी राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेले चरित्रनटही आहेत. कॅसाब्लांका शहर स्टुडिओच्या भिंतींत उभारलेले होते. ते खरे वाटते ते या माणसांमुळे.

यानंतर १९४४ सालचा ‘मिस्टर स्केफिंग्टन’. आपल्या रूपाच्या गर्वात बुडालेल्या स्त्रीचा समंजस ज्यू पती रेन्सने त्यात केला. ती स्त्री होती बेटी डेव्हिस. कथेच्या अखेरीस पत्नीचे सौंदर्य आजाराने संपूर्ण नष्ट झालेले असते, आणि नाझींच्या छळछावणीतून परत आलेला पती आंधळा झालेला असतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीसमोर ती सदैव पूर्वीसारखीच सुंदर राहणार. हा प्रसंग सहज भडक होऊ शकला असता. परंतु अंधत्वाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला तो कसा करावा, हे वेगळे शिकविण्याची गरज नसावी. बेटी डेव्हिस भल्याभल्यांना दाद देणारी नव्हती. पण आपल्या आवडत्या सहकलाकारांत तिने रेन्सला अग्रस्थान दिले.

आल्फ्रेड हिचकॉकच्या १९४६ सालच्या ‘नोटोरियस’मध्ये तर तो नाझी गुप्त कटाचा भागीदार आहे. ज्या स्त्रीवर तो जीव टाकतो, ती अमेरिकेची हेर निघते. ही भूमिका इन्ग्रिड बर्गमनची. बर्गमन त्याच्याहून उंच, तेव्हा काही दृश्यांत त्याच्यासाठी चढती फळी टाकावी लागली. हिचकॉकने ही अडचण आपल्या कथेच्या कामीच लावली. उंच, देखणा, परंतु मनाने कोरडा नायक एका बाजूला आणि ठेंगणा, दुष्ट, परंतु मनापासून प्रेम करणारा खलपुरुष दुसऱ्या बाजूला, असा तो सामना आहे. शेवटी नायक तिला मोटारीतून घेऊन जातो. आपल्याच साथीदारांकडून आता मृत्यू ठरलेला आहे हे ओळखून रेन्स घराच्या पायऱ्या चढू लागतो आणि त्याच्यामागे दार बंद होते. त्या पाठमोऱ्या चालीकडे पाहताना प्रेक्षकाच्या मनात खलपुरुषाविषयी कणव दाटून येते, आणि आपल्याला हे काय वाटते आहे, म्हणून तो स्वतःच चकित होतो.

या चार चित्रपटांतील भूमिकांसाठी सहाय्यक नटाच्या ऑस्कर पारितोषिकाकरिता चार वेळा रेन्सचे नाव सुचविले गेले. ते त्याला एकदाही मिळाले नाही. या पारितोषिकाचा इतिहासही बोलका आहे. ते १९३६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले, आणि पहिली काही वर्षे त्याच्या विजेत्यांना ती प्रसिद्ध सोनेरी पुतळी नव्हे, तर केवळ एक फलक मिळत असे. म्हणजे सन्मानातही दुय्यमपणा होताच. पहिल्या खेपेस रेन्सऐवजी थॉमस मिचेलची निवड झाली, पुढे चार्ल्स कोबर्नची, मग बॅरी फिट्झजेराल्डची. हे तिघेही आपापल्या परीने थोर चरित्रनट होते. चौथ्या वेळी, १९४६ सालच्या चित्रपटांसाठी, विजयी झाला हॅरल्ड रसेल. तो व्यवसायाने नटच नव्हता. सैन्यातील प्रशिक्षणाच्या वेळी स्फोटात त्याचे दोन्ही हात तुटले होते, आणि युद्धावरून परतलेल्या अपंग नाविकाचीच भूमिका त्याने ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये केली होती. हातांच्या जागी बसविलेल्या पोलादी आकड्यांनी तो कामे करताना दिसतो, तेव्हा आजही मन गलबलते.

त्या रात्री दोन युद्धांतील दोन जखमी सैनिक समोरासमोर आले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. रसेलची जखम सर्वांना दिसत होती आणि तिचा गौरव झाला, यात अनुचित काही नव्हते. रेन्सची जखम तीस वर्षे जुनी होती आणि ती दिसू नये म्हणूनच त्याने सारी कला पणाला लावली होती. पण लोकांना जे दिसते, त्यालाच पारितोषिक मिळते, हे या गोष्टीतून लक्षात यावे. ज्याचे कसब न दिसण्यात आहे, त्याला हा न्याय नेहमी थोडा अपुरा पडणार.

रंगभूमीने मात्र त्याची उपेक्षा केली नाही. आर्थर कोस्लर यांच्या ‘डार्कनेस ॲट नून’ या कादंबरीच्या नाट्यरूपात, आपल्याच पक्षाच्या तुरुंगात खितपत पडलेला म्हातारा क्रांतिकारक रुबाशॉव त्याने १९५१ साली साकारला आणि त्याबद्दल त्याला ‘टोनी’ पारितोषिक मिळाले. त्या वेळी तो एकसष्ट वर्षांचा होता. पेन्सिल्व्हेनिया प्रांतात त्याने शेकडो एकर शेत घेतले होते आणि चित्रणातून सुटी मिळाली की तो तेथे रमत असे. १९६२ सालच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा धूर्त मुत्सद्दी ड्रायडन त्याने केला. भारतीय प्रेक्षकांना हा चित्रपट आय. एस. जोहर यांच्या गासिमच्या छोट्या भूमिकेमुळेही आठवतो. १९६५ सालच्या ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’मधील राजा हेरॉड ही रेन्सची अखेरची चित्रपट-भूमिका. ३० मे १९६७ रोजी न्यू हॅम्पशायर प्रांतात त्याचे निधन झाले.

त्याच्या उतारवयातील एक काम चित्रपटाबाहेरचे आहे. टेनिसन कवीच्या ‘ईनक आर्डन’ या कथाकाव्याला रिचर्ड स्ट्राउस याने पियानोची साथ रचली होती. रेन्सने हे काव्य म्हटले, पियानोवर ग्लेन गूल्ड बसला, आणि त्याची ध्वनिमुद्रिका १९६२ साली निघाली. कथा एका नाविकाची आहे. तो समुद्रात बुडाला असे समजून त्याची पत्नी दुसरा विवाह करते. वर्षांनी तो परत येतो, रात्री अंधारात उभा राहून खिडकीतून तिचा सुखी संसार पाहतो, आणि आपली ओळख न देता निघून जातो. मुद्रिका ऐकताना समोर पडदा नसतो, कपडे नसतात, चेहरा नसतो. अंधारात उभ्या असलेल्या, कोणाला न दिसणाऱ्या एका माणसाचा केवळ आवाज येत राहतो. त्यात ‘र’ हे अक्षर प्रत्येक वेळी स्वच्छ उमटलेले आहे.